बाबांच्या खुर्चीचा लिलाव

माझ्या वडिलांची खुर्ची मी भर चर्चात लिलावात काढायला लावली. आमच्याकडे माझ्याबद्दल अजून हेच सांगतात आणि पुढं जोडतात, 'पाळकाची पोरगी असून'. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट त्या दिवसाची आठवण मी गुळाच्या खड्यासारखी पुरवून पुरवून खाते.

राळेगाव तालुक्यातली आमची मंडळी लहान. टिनाच्या छपराचं चर्च, चुना मारलेल्या भिंती, बसायला सतरंज्या, म्हाताऱ्यांसाठी मागं एक बाक. समोर प्रभुभोजनाचा मेज आणि भिंतीवर साधा लाकडी क्रूस. बाबा तिथं कित्येक वर्षं पाळक, म्हणजे पाद्री, होते. क्रूसाला हार घालू द्यायचे नाहीत, शास्त्राच्या पुस्तकाला कुणी डोकं टेकवलं तर म्हणायचे, "टेकवू नका, उघडून वाचा." नाताळच्या देखाव्यातली मातीची बाळं-मेंढरं ते स्वतः रंगवायचे. एकदा एका बाईनं त्या बाळापुढं हात जोडले, तर म्हणाले, "हे म्या रंगवलं. नमस्कार करायचाच असन त मले करा." बाई हसली आणि हात खाली घेतले. शेजारच्या देवळाबद्दल मात्र त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. कुणी काढलाच तर गप्प करायचे. "लोकाईच्या देवाची चौकशी आपल्याले सांगतली नाही. आपल्या घरात कोण येऊन बसला थे पाहा."

त्यांची आवडती गोष्ट पितळी सापाची होती. रानात लोकांना विषारी साप चावले, तेव्हा देवानंच सांगून पितळेचा साप करवला आणि त्याच्याकडे पाहून लोक वाचले. पुढं त्याच सापापुढं लोक धूप जाळू लागले. मग एका राजानं तो फोडला आणि म्हणाला, पितळ आहे हे, नुसतं पितळ. बाबा ही गोष्ट सांगताना शेवटी टेबलावर बुक्की मारायचे. रविवारच्या शब्बाथ शाळेतली आम्ही पोरं त्या बुक्कीची वाट पाहायचो.

आता त्या माणसाकडे येते. तो आमच्या पंचांचा सेक्रेटरी. चर्च चालवणाऱ्या कमिटीला आम्ही पंच म्हणतो, आणि मंडळीत सगळ्यात जास्त वावर, म्हणजे शेत, याचं, म्हणून पंचांमध्ये सगळ्यात मोठा आवाजही याचाच. समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही, एवढी मोकळीक मला असू द्या.

बाबा वस्त्यांवर प्रार्थनेला सायकलनं जायचे. एकदा पांदणीच्या कच्च्या वाटेवर पडले आणि उजवा गुडघा कायमचा गेला. उभं राहून उपदेश होईना, तेव्हा त्यांनी केळापूरकडच्या एका सुताराकडून सागवानाची हातांची खुर्ची करून घेतली आणि मेजाजवळ ठेवली. तिच्यावर बसून ते बोलायचे. मला वाटतं, बसल्यावर ते जास्त चांगलं बोलायचे. कुणाच्या घरी ओट्यावर बसून सांगावं तसं.

सेक्रेटरीला ते खुपलं. पंचांच्या बैठकीत त्यानं विषय काढला, की देवाच्या घरात पाळक पाय पसरून बसतो, बाहेरचे लोक काय म्हणतील. मी त्या दिवशी बाबांना धरून नेलं होतं, म्हणून दाराशी बसले होते. बाबा एवढंच म्हणाले, "दुखून राह्यलं हो. उभं राहवत नाही."

तो म्हणाला, "प्रार्थनेत जोर कमी पडून राह्यला, पाळकसाहेब."

दोघंतिघं हसले. मी नर्स आहे, सरकारी दवाखान्यात रोज दुखणी पाहते. दुखणाऱ्या माणसाला उद्देशून इतकं नीच वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. खुर्ची कोठीत गेली, सतरंज्या आणि नाताळच्या चांदणीशेजारी. बाबा पुढं वर्षभर मेजाला रेटून, एका पायावर भार देऊन उभे राहिले. संध्याकाळी मी त्यांचा गुडघा शेकायची. तो भोपळ्याएवढा सुजलेला असायचा. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि सेक्रेटरीनं निरोपाच्या भाषणात त्यांच्या त्यागाबद्दल भरभरून सांगितलं.

त्या वर्षापासून माझी एक सवय झाली. उपासनेत प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. तिच्यात दुसऱ्यांना क्षमा करण्याची एक ओळ आहे. ती आली की मी तोंड मिटायची आणि पुढच्या ओळीला परत सुरू व्हायची. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मनात मी देवाला सांगून ठेवलं होतं, की आधी याला त्याचं वाक्य परत मिळू दे, मग म्हणेन.

बाबा वारले तेव्हा सगळ्यात जास्त रडला तो सेक्रेटरी. माझ्या आईला धरून रडला. आई भोळी, तिनं त्यालाच समजावलं. आणि पुढच्या महिन्यात मी चर्चात गेले तर मेजाच्या उजव्या बाजूला खुर्ची. व्हार्निश केलेली, बसायच्या जागी लाल मखमल, पाठीवर बाबांच्या नावाची पितळी पट्टी आणि दोन्ही हातांना जोडून एक रिबीन बांधलेली, म्हणजे कुणी बसू नये. ज्या खुर्चीवर बाबांना बसू दिलं नाही, तिच्यावर आता कुणालाच बसता येणार नव्हतं.

"तुमच्या बाबाचा मान हाय बाई," तो मला म्हणाला.

सुरुवातीला लोक नुसतं पाहायचे. मग बाया जाता-येता खुर्चीच्या हाताला हात लावून डोळ्यांना लावू लागल्या. मग एकीच्या नातवाचा ताप उतरला आणि तिनं सांगितलं, की आदल्या रविवारी त्याच्या अंगावरचा टॉवेल मखमलीवर ठेवला होता. तो ताप आमच्या दवाखान्यातल्या औषधानं उतरला होता, गोळ्या मीच दिल्या होत्या. पण गोळ्यांना साक्ष द्यायला कोण उभं राहणार? त्यानंतर खुर्चीपुढं मेणबत्ती आली. तेलाच्या बाटल्या आल्या, रात्रभर खुर्चीखाली ठेवून सकाळी घरी न्यायच्या. दोन भावांचं बांधावरून भांडण झालं, तर सेक्रेटरीनं दोघांना खुर्चीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. म्हणजे शपथेचा मालकही आता तोच. खुर्ची बोलत नव्हती, तिच्या वतीनं तोच बोलायचा. "पाळकसाहेबाले हे पटलं नसतं," असं म्हणून तो पंचांत कुठलाही विषय हाणून पाडायचा. जिवंत बाबांचं एक ऐकलं नाही, मेलेल्या बाबांच्या तोंडी मात्र स्वतःचं सगळं घातलं.

नवे पाळक नगरकडचे, तरुण, नुकतेच शिकून आलेले. मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मूर्ती करून तिच्यापुढं वाकू नको ही दुसरी आज्ञा तुम्ही शब्बाथ शाळेत पोरांकडून पाठ करून घेता आणि मोठ्यांकडून मोडून घेता. ते चष्मा पुसत म्हणाले, "लोकांच्या भावना आहेत, ताई. आणि तुमच्या वडिलांचाच तर सन्मान आहे. तुम्हीच विरोध केला तर कसं दिसेल?"

इथंच माझी कोंडी होती. खुर्चीविरुद्ध बोललं की बाबांचा अपमान, आणि गप्प बसलं की बाबांचा त्याहून मोठा अपमान. आईलाही खुर्चीकडे पाहून रडू यायचं, तिला बरं वाटायचं. त्या माणसानं माझ्या बापाला दोनदा लुबाडलं होतं. आधी बसायची जागा घेतली, मग उभ्या जन्माची शिकवण. मला दोन्हीचा सूड हवा होता. देवासाठी किती आणि माझ्यासाठी किती, याची वाटणी मी तेव्हा केली नाही आणि आताही करणार नाही.

संधी त्यानंच दिली.

दिवाळीनंतर आमच्याकडे हंगामाचा सण असतो. पिकाबद्दल देवाची उपकारस्तुती. प्रत्येक घर आपल्या वावरातलं, गोठ्यातलं काही आणून मेजासमोर ठेवतं. कापसाची टोपली, सोयाबीनचं पोतं, तुरीच्या शेंगा, भोपळे, पाय बांधलेले कोंबडे. मजुरी करणारे दुसऱ्याच्या वावरातून मिळालेलं आणतात. उपासना झाली की तिथंच सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीला. लिलावाला गावातले इतरही येतात, कारण कोंबडा बरा मिळतो आणि करमणूक फुकट.

लिलाव पुकारायचा मान सेक्रेटरीचा. त्याचे दोन नियम होते आणि तो ते दरवर्षी छाती काढून सांगायचा. एक, पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही. दुसरा, मेजासमोर ठेवलं ते देवाचं झालं, परत जात नाही. हा दुसरा नियम किती कडक, ते एका म्हातारीला विचारा. निंदणाला जाणारी विधवा, बाबांच्या काळात एकदा ती पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तुरीचे दाणे घेऊन आली आणि गंजासकट समोर ठेवला. दाणे विकले गेले. ती गंज मागायला गेली तर यानं गंजही पुकारला. "समोर ठेवला त देवाचा." म्हातारी रडली. तिच्या लग्नातला होता तो. शेवटी बाबांनी बोली लावून तो सोडवला आणि तिच्या हातात दिला.

त्या वर्षी सेक्रेटरीला वाटलं, सणाला खुर्ची अशी बाजूला कशी राहील? चर्चभर कापसाच्या बोंडांचे तुरे आणि ज्वारीचे धांडे, आणि पाळकसाहेबांची खुर्ची सुनी? त्यानं सकाळीच माणसं लावून ती उचलली, ज्वारीच्या कणसांनी सजवली, झेंडूची माळ घातली आणि मेजासमोर बरोब्बर मधोमध मांडली. एका बाजूला भोपळे, दुसऱ्या बाजूला कोंबडे. लोक अर्पण ठेवायला आले की आधी खुर्चीला हात लावायचे.

मी दारातून ते पाहिलं. आधी संताप आला. मग मला ती कुठं ठेवली आहे ते नीट दिसलं, आणि पूर्ण उपासनाभर मी इतकी शांत बसले, की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का?

लिलाव रंगला. सोयाबीन गेलं, भोपळे गेले, एक कोंबडा सुटून मेजावर बसला तो धरून आणून विकला. समोरची जागा रिकामी होत गेली आणि शेवटी तिथं एकटी खुर्ची उरली. सेक्रेटरीनं घाम पुसला आणि म्हणाला, "झालं. आता आशीर्वाद."

मी उभी राहिले. "एक वस्तू राह्यली."

"कोणती?"

"खुर्ची."

तो हसला. "थे अर्पण नोहे, बाई. थे सजावट हाय."

"मेजासमोर आहे. माळ घालून ठेवली तुम्हीच. नियम तुमचाच आहे."

"अवो, पण तुमच्याच बाबाची…"

"माझ्या बाबांची आहे म्हणूनच सांगते. देवाला दिली ना? मग पुकारा."

त्यानं पंचांकडे पाहिलं. पंचांनी सतरंजीकडे पाहिलं. नवे पाळक पुन्हा चष्मा पुसू लागले. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून ती निंदणाला जाणारी म्हातारी म्हणाली, "माहा गंज बी अर्पण नोहता, सेक्रेटरी."

ती मोठ्यानं बोलली नाही. पण चर्चात ते कुणाला ऐकू आलं नाही असं झालं नाही. आधी तरुण पोरी हसल्या, मग पुरुष. नव्या पाळकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "नियम आहे तर आहे. पुकारा." त्या माणसाला मी तेव्हापासून पाळक मानते.

सेक्रेटरीला पुकारावी लागली. आवाज बसला होता. त्याला स्वतः बोली लावता येईना, म्हणून तो आपल्या माणसांकडे डोळे मोठे करून पाहत होता. आणि इथं जे झालं ते मीही ठरवलं नव्हतं. एकानंही बोली लावली नाही. ज्यांनी त्या खुर्चीला इतके महिने हात लावून डोळ्यांना लावले, त्यांना ती घरी नेण्याची भीती वाटली. न्यायची तर ठेवायची कुठं? पोरगं चढून बसलं तर? खाली उंदरानं घाण केली तर? यानंच त्यांना ती भीती शिकवली होती, तीच आता याच्यावर उलटली.

दाराशी बसस्टँडसमोरचे पंक्चरवाले चाचा उभे होते. दरवर्षी कोंबड्यासाठी येतात. त्यांनी खुर्चीला खालून-वरून न्याहाळलं, एक हात हलवून पाहिला आणि विचारलं, "सागवान हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग लिहा माह्या नावानं. गिऱ्हाईक उभं राहून राह्यते दुकानावर." आणि त्यांनी कोंबड्यासाठी आणलेले पैसे बोलीत लावले.

माझ्याही मनात आलं, की आपण बोली वाढवावी आणि खुर्ची घरी न्यावी. आई पुढं सरकून माझा पदर ओढत होती. पण घरी नेली तर रोज सकाळी मीच तिला हात लावला असता, हे मला पक्कं माहीत होतं. मी आईचा हात धरून ठेवला.

"एक वार," सेक्रेटरी म्हणाला. मग खूप वेळ थांबून, "दोन वार." लोक वाट पाहत होते. मी त्याच्याकडे पाहत राहिले, पापणी हलवली नाही. शेवटी त्यानं तीन वार म्हटलं. चाचांनी माळ काढून ठेवली, मखमल झटकली, खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि उन्हात निघून गेले. त्या दिवशी घरी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आई दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतर काही महिने सेक्रेटरी चर्चात फिरकला नाही. पद गेलं. मग एकदा दवाखान्यात आला, दोन्ही गुडघे धरून. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं, ते मीच दिलं. हात नेहमीइतकाच हलका ठेवला, याचं श्रेय मला कुणी दिलं नाही. मनात मात्र फटाके फुटत होते. दोन्ही गुडघे. बाबांचा तर एकच होता.

परवाच्या रविवारी मी चर्चाला निघाले होते. चाचांच्या दुकानासमोर बाबांची खुर्ची असते. मखमल कधीच गेली, हातांवर ग्रीसचे डाग पडलेत, पाठीला ट्यूब टांगलेली असते. पितळी पट्टी चाचांनी काढून आईला आणून दिली होती. गिऱ्हाइकं तिच्यावर बसून चहा पितात, पाय पसरतात. येता-जाता ते पाहून मला बरं वाटतं. त्या दिवशी तिच्यावर सेक्रेटरी बसला होता. घरून चर्चापर्यंत त्याला एका दमात चालवत नाही, म्हणून चाचा त्याला मध्ये बसवतात.

मला पाहून तो उठायला लागला. काठी टेकली, सरकली, पुन्हा टेकली. मी थांबले आणि पाहत राहिले. चाचा म्हणाले, "बसा ना सेक्रेटरी, कायले उठता?"

तो परत खाली बसला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "दुखून राह्यलं, बाई."

शब्द तेच होते. मी किती वर्षं या शब्दांची वाट पाहिली होती. उत्तर माझ्याकडे तयार होतं, दर रविवारी पुसूनपासून ठेवलेलं, कुणाला हात लावू दिला नव्हता त्याला.

"प्रार्थनेत जोर कमी पडून राह्यला, सेक्रेटरी," मी म्हणाले.

त्याला आठवलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं मान खाली घातली आणि बाबांच्या खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसला. चाचांना काही कळलं नाही, त्यांनी त्याला पाण्याचा ग्लास दिला. चर्चाची घंटा झाली म्हणून मी निघाले.

माझं आणि देवाचं ठरलं होतं. त्याचं वाक्य त्याला परत मिळालं, आता मी ती ओळ म्हणायला मोकळी होते. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ जवळ आली, मी श्वास घेतला, तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. सगळी मंडळी ती ओळ म्हणून पुढं गेली, आणि सगळ्यांच्या मागून, दाराजवळून, एक बसलेला, धाप लागलेला आवाज ती एकट्यानं म्हणत होता. मी वळून पाहिलं. सेक्रेटरी उशिरा पोचला होता. मागचा बाक भरलेला होता, म्हणून तो काठीवर रेलून उभा होता, आणि ती ओळ त्यानं शेवटपर्यंत म्हटली.

उपासना संपेपर्यंत तो उभाच होता. मी पुन्हा मागं वळून पाहिलं नाही.